चालतंय ना, मग झालं! पाण्याचा रॉड, आयएसआय मार्क आणि लॅबमधल्या टेस्ट

थंडी पडली की आमच्या फॅमिली ग्रुपवर हा विषय निघतोच, यंदा तो भाच्याने काढला. तो नाशिकला तिघांत रूम करून राहतो, आठवडी बाजारातून २८० रुपयांचा पाणी तापवायचा रॉड आणला, फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मामा, आयएसआय आहे ह्याच्यावर. चालतोय पण मस्त, वीस मिनिटांत बादली कडकडीत." मी इलेक्ट्रिकल वस्तूंच्या टेस्टिंग लॅबमध्ये नऊ वर्षं काम केलंय त्यामुळे नातेवाइकांचे असले सगळे फोटो फिरून माझ्याकडेच येतात. दर हिवाळ्यात पेपरात कुठे ना कुठे रॉडचा शॉक बसून कोणी गेल्याची बातमी असते, आणि त्यातल्या बऱ्याच रॉडनी आदल्या दिवसापर्यंत पाणी व्यवस्थित तापवलेलं असतं. म्हणून भाच्याला फोनवर जे तासभर सांगितलं ते जरा नीट लिहून काढतोय.

पहिली गोष्ट हीच, की "चालतोय मस्त" ह्याचा सेफ्टीशी काहीच संबंध नाही. वस्तू चालते का हे बघायला लॅब लागत नाही, प्लग लावला की कळतं. लॅबमध्ये प्रश्न वेगळा असतो, ही वस्तू बिघडेल त्या दिवशी समोरचा माणूस वाचेल का?

आयएसआय ही कंपनी नाही

बरेच जण दुकानात "आयएसआय कंपनीचं द्या" म्हणतात. आयएसआय म्हणजे इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन, १९४७ साली सुरू झालेली संस्था. १९८७ पासून तिच्या जागी भारतीय मानक ब्युरो म्हणजे बीआयएस आली, पण लोकांच्या डोळ्यात तो शिक्का इतका बसला होता की शिक्क्यावरचं नाव तेच ठेवलं.

आणि मानक म्हणजे काय तर एक पुस्तिका. वस्तू कशी असली पाहिजे आणि ती तशी आहे हे कसं तपासायचं, दोन्ही त्यात लिहिलेलं असतं. घरगुती विद्युत उपकरणांचं मूळ मानक आयएस ३०२, त्याच्या पोटात प्रत्येक वस्तूचा वेगळा भाग, इस्त्रीचा वेगळा, रॉडचा वेगळा. साठवणीच्या गीझरचं मानक आयएस २०८२. ह्यातलं बरंचसं आंतरराष्ट्रीय मानकांवरून घेतलेलं आहे त्यामुळे "आपल्याकडची टेस्ट म्हणजे काय असणार" असं कोणी म्हटलं तर तसं नाहीये, कागदावर आपण जगाच्या बरोबरीने आहोत. गडबड कागदाच्या पुढे होते, त्याच्यावर खाली येतोच.

तसं हे तपासण्याचं खूळ सरकारने काढलेलंच नाही, आगीचे पैसे भरावे लागणाऱ्या विमावाल्यांनी काढलं. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, वीज तेव्हा नवीन, दिव्यांचा लखलखाट आणि वायरिंगमुळे आगीची भीती. तिथला धोका बघायला विल्यम मेरिल नावाचा तरुण इंजिनिअर आला आणि पुढच्याच वर्षी त्याने विमा कंपन्यांच्या मदतीने तपासणीची लॅब काढली, तीच आज यूएल नावाने ओळखली जाते.

माठ पाझरतो तसा करंट पाझरतो

आता रॉडकडे येऊ, कारण हे एक कळलं की बाकी निम्मं कळतं.

रॉडच्या आत तापणारी तार असते, तिच्याभोवती पांढरी पावडर ठासून भरलेली, आणि वरून धातूची नळी. पावडरीचं काम असं की उष्णता बाहेर जाऊ दे पण करंट जाऊ देऊ नको. पण कुठलंच इन्सुलेशन शंभर टक्के नसतं, माठातून जसं पाणी थोडं थोडं पाझरतंच तसा करंटही नळीपर्यंत किंचित पाझरतो, ह्याला लीकेज करंट म्हणतात. माठ पाझरला तर तक्रार नाही, गळायला लागला तर आहे. मानकाने पाझरणं आणि गळणं ह्यांच्यात रेघ मारलीय, हातात उचलून वापरायच्या, तीन पिनांच्या अर्थिंगवाल्या उपकरणाला साधारण ०.७५ मिलिअँपिअर. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग.

हा आकडा एवढा छोटा का ते बघा. अर्धा-एक मिलिअँपिअर अंगातून गेला तर मुंग्या आल्यासारखं होतं. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात, धरलेली वस्तू सोडता येत नाही, लोक म्हणतात ना "करंटने धरून ठेवलं", ते हेच. तीसच्या पुढे किती वेळ गेला त्याप्रमाणे श्वास आणि हृदय दोन्ही धोक्यात. आणि १५०० वॅटचा रॉड नुसता पाणी तापवताना किती घेतो? साडेसहा अँपिअर, म्हणजे ६५०० मिलिअँपिअर. माणूस मारायला त्यातला एवढासा भाग पुरतो.

आता समजा नळीला बारीक चीर गेली आणि पाणी आत शिरलं. बादली प्लास्टिकची, मोरीत ठेवलेली. बादलीतलं पाणी आता फेजला, म्हणजे करंट असलेल्या तारेला जोडल्यासारखं झालं, पण प्लास्टिकमधून करंटला जायला वाट नाही म्हणून काहीच होत नाही. लाइट जात नाही, ठिणगी नाही, वास नाही, रॉड मस्त चालतोय आणि पाणी तापतंय. मग कोणीतरी अनवाणी ओल्या फरशीवर उभा राहून पाणी तापलं का बघायला बोट घालतो, आणि करंटला वाट मिळते, ती त्या माणसातून.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे ना?" हा प्रश्न मला दर वेळी येतो आणि दर वेळी पोटात गोळा येतो. एमसीबी म्हणजे बोर्डातला जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, ती वायर वाचवायला असते. १६ अँपिअरची एमसीबी १६००० मिलिअँपिअरच्या वर गेल्याशिवाय विचारच करत नाही, तुमच्यातून शंभर गेले तर तिला पत्ता पण लागत नाही. माणसासाठी असतं ते आरसीसीबी, जे गेलेला करंट आणि परत आलेला करंट सारखा आहे का बघतं आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात तोडतं. आणि त्याच्याही आधीची राखण म्हणजे अर्थिंग, प्लगच्या तिसऱ्या जाड्या पिनेतून जमिनीत जाणारी वाट. रॉडची नळी अर्थला जोडलेली असेल तर गळलेला करंट तुमची वाट न बघता तिथून निघून जातो, आणि आरसीसीबी असेल तर ते तुम्ही बोट घालायच्या आधीच पडतं.

म्हणून लॅबमध्ये अर्थची टेस्ट फार मनापासून करतात. वस्तूत अर्थची तार जिथे जोडतात तिथपासून धातूच्या अंगापर्यंत २५ अँपिअर सोडायचे आणि मधला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ०.१ ओहमच्या आत आहे का बघायचं. नुसती वायर लावलीय दाखवून चालत नाही, ती वायर प्रसंगाला करंट वाहून नेईल का ते बघतात. स्वस्तातल्या रॉडमध्ये मी काय काय बघितलंय सांगू? तीन पिनांचा प्लग, वायरही तीन तारांची, आणि हँडल उघडलं तर तिसरी तार कापून तशीच सोडलेली, नळीला जोडलेलीच नाही.

लॅबमध्ये वस्तूचे हाल करतात

बाहेरच्याला वाटतं लॅबमध्ये मीटर लावून रीडिंग घेतात आणि सही करतात. प्रत्यक्षात तिथे वस्तू छळतात. इन्सुलेशनवर मिनिटभर घरच्या २३० च्या कितीतरी पट व्होल्टेज सोडतात, दुहेरी इन्सुलेशन असेल तर ३००० व्होल्टपर्यंत, विहिरीचा दोर घेताना आपण दोघं-तिघं मिळून ओढून बघतो तसं. तापणारी उपकरणं ठरलेल्या पॉवरपेक्षा १५ टक्के जास्तीवर चालवून हँडल, वायर, प्लग कुठे किती तापतंय ते मोजतात. माणसाच्या बोटासारखं सांधे असलेलं एक टेस्ट बोट असतं, १२ मिलिमीटर जाड आणि ८० लांब, ते प्रत्येक फटीत घालून वळवून बघतात की आतल्या करंट असलेल्या भागाला लागतंय का. इस्त्री चार सेंटिमीटरवरून स्टीलच्या प्लेटवर आपटतात, एकदा नाही, हजार वेळा. तो आवाज दिवसभर डोक्यात राहतो, पण घरी इस्त्री करताना आपण ती किती वेळा दाणकन ठेवतो ते आठवलं की टेस्ट जास्त वाटत नाही.

मला सगळ्यात आवडायची ती ग्लो वायर. तार तापवून लाल करायची, वस्तूप्रमाणे ५५० ते ८५० डिग्री, आणि प्लास्टिकला अर्धा मिनिट टेकवून ठेवायची. पेट घेतला तरी हरकत नाही पण तार काढल्यावर ३० सेकंदांत विझलं पाहिजे, आणि खाली पसरलेल्या टिश्यू पेपरला गळत्या थेंबांनी आग लागता कामा नये. स्वस्त एक्स्टेंशन बोर्डाचं प्लास्टिक इथे मेणबत्तीसारखं जळत बसतं. घरातल्या सॉकेटमध्ये लूज जोडणी झाली की नेमकं हेच होतं, तार लाल आणि शेजारी पडदा.

आणि मग येतं मुद्दाम बिघडवणं. प्रेशर कुकरला शिट्टी असते आणि शिट्टी अडकली तर सेफ्टी वॉल्व्ह असतो, गीझरला तसंच पाणी पुरेसं तापलं की वीज थांबवणारा थर्मोस्टॅट आणि तो बिघडला तर वीज तोडणारा थर्मल कटआउट. लॅबवाला थर्मोस्टॅट मुद्दाम निकामी करतो आणि बघतो की कटआउट वेळेवर उडतो का. म्हणजे शिट्टी बांधून ठेवून कुकर गॅसवर ठेवायचा. पंखा-मिक्सरची मोटर धरून ठेवायची, मिक्सरमध्ये चमचा अडकला असं समजून. साधा दिवस ह्या टेस्टमध्ये नसतोच.

चार्जरचं काय, तो तर पाच व्होल्टचा

पाच व्होल्ट तुमच्या फोनच्या बाजूला, भिंतीच्या बाजूला २३० च आहेत. ह्या दोघांच्या मध्ये चार्जरच्या त्या काडेपेटीएवढ्या डबीत एक अदृश्य भिंत असते आणि चार्जरची सगळी सेफ्टी म्हणजे ती भिंत. सर्किट बोर्डावर दोन्ही बाजूंमध्ये पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा, ट्रान्सफॉर्मरमध्ये टेपचे थर, आणि मध्ये कपॅसिटर नावाचा एक खास बारका भाग जो खराब झाला तरी शॉर्ट होत नाही. नकली चार्जरमध्ये खास कपॅसिटरच्या जागी साधा बसवतात, टेप एकच थर, आणि जागा मिलिमीटरभर. फोन तितकाच चार्ज होतो! कोकणातल्या पावसाळ्यात दमट हवा आणि धूळ मिळून तेवढी फट कधी ओलांडतील सांगता येत नाही, आणि तेव्हा चार्जिंगला लावून कानाला धरलेला फोन २३० व्होल्टच्या बाजूला असतो.

चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब ह्यांना आयएसआयचा शिक्का नसतो, त्यांची सक्तीची नोंदणी असते. त्यावर बीआयएसचं चिन्ह, मानकाचा नंबर आणि आर अक्षरापुढे आठ आकडे.

एक नग तपासून लाख नगांची खात्री कशी

हा रास्त प्रश्न आहे, आणि खरं सांगायचं तर ह्या सगळ्या व्यवस्थेचा कच्चा दुवाही हाच आहे. मी वर सांगितलेले हाल प्रत्येक नगाचे करता येत नाहीत, टेस्ट झालेली वस्तू विकायच्या लायकीचीच राहत नाही. म्हणून शितावरून भाताची परीक्षा, ह्याला टाइप टेस्ट म्हणतात. त्याच्या जोडीला कारखान्यात प्रत्येक नगावर दोन-तीन झटपट टेस्ट, अर्थ जोडलाय का, हाय व्होल्टेज सोसतो का, लीकेज किती, ही रूटीन टेस्ट. आयएसआयच्या परवान्यात कारखान्याची पाहणीही असते, स्वतःची टेस्टिंगची साधनं आहेत का ते बघतात, आणि पुढेही अधूनमधून कारखान्यातून आणि बाजारातून नमुने उचलून तपासायचे असतात.

पण भात एकदा शिजला की बदलत नाही, कारखान्याचा माल बदलतो. परवान्याच्या वेळी लॅबला गेलेल्या गीझरमध्ये चांगला थर्मोस्टॅट, आणि सहा महिन्यांनी भाव परवडत नाही म्हणून दुसरा. बाहेरून रंग तोच, डबा तोच, शिक्का तोच. ह्याला उत्तर एकच, दुकानातून गिऱ्हाईक बनून माल उचलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून छळायचा, आणि माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे हे आहे त्याच्या कितीतरी पट जास्त झालं पाहिजे. मार्च २०२५ मध्ये बीआयएसने दिल्लीत एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याच्या गोदामावर छापा घातला, पंधरा तास चालला, गीझर-मिक्सर धरून साडेतीन हजारांवर वस्तू जप्त केल्या, शिक्का नसलेल्या किंवा खोटा शिक्का असलेल्या, अंदाजे ७० लाखांचा माल. हा एका गोदामातला. घरबसल्या मागवलेली वस्तू तपासूनच आली असेल असं आपण धरून चालतो, ते धरू नका.

शिक्का खोटा असेल तर

शिक्का छापायला प्रेस पुरते. म्हणून शिक्का बघू नका, नंबर बघा. खऱ्या आयएसआय चिन्हाच्या वर मानकाचा नंबर असतो, म्हणजे आयएस आणि आकडे, आणि खाली इंग्रजीत सीएम/एल आणि त्यापुढे परवान्याचा नंबर. नुसता शिक्का आणि खाली काही नाही, तर वस्तू तिथेच ठेवून निघा. नंबर असेल तर बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, फुकट आहे, त्यात टाकायचा. परवाना कोणाचा, कुठल्या वस्तूचा, चालू आहे का रद्द झालाय, सगळं दिसतं. इथे दोन गोष्टी जुळतात का बघा, डब्यावरचं कंपनीचं नाव आणि वस्तू. चोर हुशार असतात, दुसऱ्याचा खरा नंबर उचलून छापतात. जुळत नसेल तर तक्रार त्याच ॲपवरून करता येते आणि ती कराच, २०१६ च्या बीआयएस कायद्यात खोटा शिक्का मारणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा पहिल्या गुन्ह्याला किमान दोन लाख दंड आहे.

सीई आहे, पाच स्टार आहेत, मग अजून काय पाहिजे

पाच स्टार विजेच्या बिलाबद्दल सांगतात, शॉकबद्दल नाही, ते देणारी संस्थाही वेगळी. सीई हे युरोपच्या बाजारासाठीचं चिन्ह, बऱ्याच वस्तूंवर ते कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर लावते, आणि जिथे आपल्याकडे आयएसआय सक्तीचं आहे तिथे सीई दाखवून चालत नाही. रॉड, गीझर, इस्त्रीला ही सक्ती २००३ च्या आदेशापासून आहे, नवीन नाही. २०२५ च्या आदेशाने तर एकेक वस्तूची यादी करत न बसता जवळपास सगळीच घरगुती उपकरणं त्यात घ्यायचं ठरवलंय.

छोट्या कारखानदाराने काय करायचं

ह्या आक्षेपात दम आहे. पाच माणसं घेऊन इस्त्र्या बनवणाऱ्याला लॅबची फी, परवान्याची फी, टेस्टिंगची मशिनं हे सगळं जड जातं, रिपोर्टला महिने लागतात, आणि माल अडकून पडतो. सूक्ष्म उद्योगांना फीमध्ये सवलत आहे पण वेळेत सवलत नसते. ह्यावर उपाय लॅब वाढवणं हा आहे, निकाल वेळेत देणं हा आहे. टेस्ट सोडून देणं हा मला तरी उपाय वाटत नाही, कारण लॅबची फी वाचली तर तो खर्च गायब होत नाही, तो कोणाच्या तरी मोरीत जाऊन पोचतो.

आमचा रॉड वीस वर्षं जुना, काही झालं नाही

ज्यांना झालं ते सांगायला ग्रुपवर नसतात. आणि जुनी वस्तू तेव्हा पास झाली होती ती नवी असताना, वीस वर्षांत नळीवर क्षार बसलेत, वायर कडक होऊन हँडलपाशी तडकलीय, प्लगच्या पिना काळ्या पडल्यात. पिन काळी पडणं किंवा प्लग हाताला चटका देणं म्हणजे जोडणी लूज आहे, हे डोळ्यांनी दिसतं, तेवढं तरी आज बघा.

रॉड चालू असताना पाण्यात बोट घालायचं नाही, स्विच बंद करून प्लग काढायचा आणि मगच. खरा आयएसआयचा रॉड असला तरी.

भाच्याच्या रॉडचं पुढे काय झालं

त्याने नंबर ॲपमध्ये टाकला. परवाना खरा निघाला, चालूही होता, पण वायर बनवणाऱ्या भलत्याच कारखान्याचा. त्याने तक्रार टाकली, आणि रॉडची केबल कापून टाकली म्हणजे परत कोणी वापरायला नको.

मग मी म्हटलं नवा रॉड घ्यायच्या आधी वायरमन बोलाव आणि मोरीजवळच्या सॉकेटला अर्थिंग आहे का बघून घे, कारण मानकातली अर्थची सगळी मेहनत तुमच्या भिंतीत अर्थ आहे असं धरूनच केलेली असते. वायरमनने सॉकेट उघडलं. वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती, कधीच नव्हती, त्या पूर्ण मजल्यावर नव्हती. घरमालक आधी म्हणाले की इतकी वर्षं भाडेकरू राहतायत, कोणी काही बोललं नाही. भाच्याने त्यांना वायरमनसमोरच तिन्ही रूमची सॉकेट उघडून दाखवली. दहा दिवसांनी मजल्यावर अर्थची वायर ओढली आणि मेन बोर्डात आरसीसीबी बसलं, तोपर्यंत तिघं पोरं समोरच्या मेसमधून रोज सकाळी बादलीभर गरम पाणी उचलून आणत होती.